दक्षिण आफ्रिकेत स्वतः गाडी चालवत सफारी: एका कुटुंबाच्या सहलीच्या आखणीचं प्रकरण

पार्श्वभूमी

कुटुंब पाच जणांचं: चाळिशीतलं जोडपं, तेरा आणि आठ वर्षांची दोन मुलं आणि सदुसष्ट वर्षांच्या आजी. नवरा-बायको दोघंही रोज गाडी चालवणारे. आजींना चालायला अडचण नव्हती, पण गुडघ्यामुळे उंच पायऱ्या नकोशा वाटत. शाळेच्या सुट्ट्यांमुळे दोनच काळ मोकळे होते, मे महिना किंवा दिवाळी. शाकाहारी घर असल्यामुळे स्वयंपाकघर असलेली राहण्याची जागा त्यांना हवी होती.

देश ठरला दक्षिण आफ्रिका. तिथे गाडी डाव्या बाजूने चालते, रस्त्यावरच्या पाट्या इंग्रजीत असतात, आणि एकाच देशात समुद्रकिनारा, अर्धवाळवंट, घाटरस्ते आणि जंगल पाहता येतं. सरकारी राष्ट्रीय उद्यानात स्वतःची गाडी घेऊन फिरता येतं, हे या कुटुंबासाठी सगळ्यांत मोठं आकर्षण होतं. भारतात व्याघ्रप्रकल्पात ठरलेल्या जीपमधून ठरलेल्या वेळेतच फिरावं लागतं. दक्षिण आफ्रिकेतल्या क्रूगर राष्ट्रीय उद्यानात एखाद्या पाणवठ्यापाशी गाडी बंद करून दोन तास बसलात तरी कोणी हटकत नाही.

अडचण

पहिला आराखडा तेरा रात्रींचा होता. जोहान्सबर्गला उतरायचं, क्रूगर पाहायचं, तिथून एस्वातिनी (पूर्वीचा स्वाझीलँड हा शेजारी देश) ओलांडून डर्बन गाठायचं, मग एन२ महामार्गाने किनाऱ्याकिनाऱ्याने गार्डन रूट हा किनारी पट्टा करत केपटाऊनला संपवायचं. नकाशावर ही गोल रेघ फार सुंदर दिसते, म्हणूनच बहुतेक जण पहिल्यांदा तीच आखतात. पण हे अंतर तीन हजार किलोमीटरच्या आसपास भरतं, आणि आजूबाजूच्या फेऱ्या धरल्या की त्याहूनही जास्त. एकट्या डर्बन ते गेबेऱ्हा टप्प्यालाच नऊशेहून अधिक किलोमीटर लागतात. (गेबेऱ्हा म्हणजे पूर्वीचं पोर्ट एलिझाबेथ, नाव २०२१ मध्ये बदललं.)

पण खरी अडचण किलोमीटरांची नव्हती. दक्षिण आफ्रिकेत शहराबाहेर अंधारात गाडी चालवू नये, हा सल्ला तिथले लोकही पाळतात. कुंपण नसलेल्या रस्त्यांवर गुरं येतात, दिवे नसलेल्या कडेने माणसं चालत असतात, खड्डे दिसत नाहीत, आणि गाडी बंद पडली तर निर्जन जागी थांबणं सुरक्षित नसतं. म्हणजे दिवसाचं मोजमाप उजेडावर ठरतं. मे महिना हा तिथल्या हिवाळ्याचा उंबरठा. मेच्या उत्तरार्धात केपटाऊनला सूर्य साडेसातच्या सुमारास उगवतो आणि पावणेसहाच्या सुमारास मावळतो. क्रूगरमध्ये तर सव्वापाचच्या आसपासच सूर्यास्त होतो. भारतातल्या उन्हाळ्याच्या सवयीने "संध्याकाळी सातपर्यंत पोचू" असं म्हणत आखलेला प्रत्येक टप्पा इथे चुकतो.

दुसरा पेच हवामानाचा. एकाच देशात दोन उलटी ऋतुचक्रं आहेत. केपटाऊनकडे पाऊस हिवाळ्यात पडतो, साधारण मे ते ऑगस्ट. क्रूगरकडे तो उन्हाळ्यात पडतो, साधारण ऑक्टोबर ते मार्च. त्यामुळे दोन्हीकडे सर्वोत्तम असा महिना शोधत बसण्यापेक्षा आपल्याला काय जास्त हवं आहे ते ठरवावं, आणि दुसऱ्या ठिकाणी हवामानासाठी मोकळे दिवस राखावेत.

तिसरी गोष्ट मलेरिया. क्रूगर मलेरियाच्या क्षेत्रात येतं; धोका मुख्यतः सप्टेंबर ते मे या काळात असतो. घरात आठ वर्षांचं मूल आणि आजी असल्यामुळे याचा विचार आधीच करणं भाग होतं.

कोणते पर्याय तोलले

दिवाळीच्या सुट्टीत गेलं असतं तर केपकडे छान वसंत मिळाला असता, दिवस लांब असते आणि नशीब असेल तर किनाऱ्यावरून देवमासेही दिसले असते. पण क्रूगरमध्ये तोवर उकाडा वाढतो, पहिल्या पावसाने जागोजागी पाणी साचतं आणि प्राण्यांना ठरावीक पाणवठ्यावर यावं लागत नाही. मेच्या उत्तरार्धात हे चित्र उलटतं. क्रूगर कोरडं होऊ लागतं, डास कमी होतात, पहाट थंड आणि दुपार सुखाची असते. चांगला पावसाळा झाला असेल तर मेमध्ये गवत उंच असतं, एवढी उणीव राहते. मुलांसाठी सफारी सगळ्यांत महत्त्वाची होती, म्हणून मे ठरला.

मलेरियामुक्त पर्यायही पाहिले. जोहान्सबर्गहून अडीच तासांवरचं पिलानेसबर्ग आणि गेबेऱ्हाजवळचं अ‍ॅडो हत्ती उद्यान, दोन्ही ठिकाणी मलेरिया नाही आणि दोन्हीकडे स्वतःची गाडी नेता येते. मूल पाच वर्षांखालचं असतं किंवा कोणी गरोदर असतं, तर आमचा सल्ला निःसंशय यांपैकी एकाचा असता. इथे डॉक्टरांनी सगळ्यांना अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल ही मलेरिया टाळणारी गोळी देता येईल असं सांगितलं (मुलाची मात्रा वजनावर), आणि क्रूगर कायम राहिलं. जवळपास वीस हजार चौरस किलोमीटरचं ते जंगल आणि त्यातले मुक्कामाचे कॅम्प यांची तोड पिलानेसबर्गला नाही.

विमानाच्या तिकिटातही एक निर्णय लपलेला होता. सगळ्यांत स्वस्त तिकीट पूर्व आफ्रिकेतल्या एका विमानतळावर चौदा तास थांबणारं होतं. पीतज्वराचा धोका असलेल्या देशात बारा तासांहून अधिक काळ विमानतळावर थांबल्यास दक्षिण आफ्रिका पीतज्वराच्या लशीचा दाखला मागते. ही लस अधिकृत केंद्रांवरच मिळते, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी लागते, आणि साठीपुढच्या व्यक्तीला पहिल्यांदा देताना डॉक्टर फार सावधपणे विचार करतात, कारण त्या वयात गंभीर दुष्परिणामांची शक्यता वाढते. तिकिटात वाचणाऱ्या पैशांसाठी आजींना ही लस देण्यात अर्थ नव्हता. आखाती देशातून जाणारं थोडं महाग तिकीट घेतलं. जाताना केपटाऊन, परतताना जोहान्सबर्ग, असं दोन वेगळ्या शहरांचं एकाच आरक्षणातलं तिकीट काढलं. त्यामुळे देश उलटा ओलांडून परत येण्याची गरज उरली नाही.

काय वगळायचं यावर घरात सगळ्यांत जास्त चर्चा झाली. तेरा वर्षांच्या मुलीला डर्बनचा समुद्र हवा होता, वडिलांना ड्रॅकेन्सबर्गचे डोंगर. शेवटी दोन्ही गेले, एस्वातिनीही गेलं. (भाड्याची गाडी शेजारच्या देशात न्यायची तर कंपनीचं वेगळं परवानगीपत्र लागतं, ही कटकटही त्याबरोबर गेली.) देशाची दोन टोकं ठेवायची आणि मधलं विमानाने ओलांडायचं, असं ठरलं. मुक्काम तेरावरून पंधरा रात्रींवर गेले आणि गाडीचं अंतर बरंच कमी झालं.

अंतिम आराखडा

क्रम ठरवताना हवामानच कामाला आलं. मे जसजसा जूनकडे सरकतो तसतसं केप जास्त ओलं आणि क्रूगर जास्त कोरडं होतं. म्हणून आधी केप, शेवटी क्रूगर.

केपटाऊनला चार रात्री ठेवल्या. पहिले दोन दिवस गाडी घेतलीच नाही, कारण रात्रभराच्या प्रवासानंतर अनोळखी शहरात गाडी चालवणं टाळायचं होतं. शिवाय शहरात अ‍ॅपवरची टॅक्सी पुरते. तिसऱ्या दिवशी शहरातल्या शाखेतून गाडी घ्यायची आणि केप पॉइंट हे भूशिर करायचं.

मग एन१ ने पार्ल, ह्यूगेनॉट बोगदा (सुमारे ३.९ किलोमीटर, पथकर लागतो), वूस्टर, रॉबर्टसन करत मॉन्टेग्यू, अंतर साधारण १८० किलोमीटर, एक रात्र. पुढे आर६२ ने बॅरीडेल, लेडीस्मिथ, कॅलिट्झडॉर्प आणि औट्सहूर्न, एक रात्र. हे दोन्ही टप्पे एका दिवसात होतात असं नकाशा सांगतो, आणि लोक तसं करतातही. मग रस्त्याच्या सर्वांत देखण्या भागात, लेडीस्मिथपुढच्या हुइसरिव्हर घाटात, ऊन उतरलेलं असतं आणि चालवणारा थकलेला असतो. एक रात्र जास्त देणं आमच्या मते या आराखड्यातला सर्वांत चांगला खर्च होता.

औट्सहूर्नहून औटेनिक्वा घाट उतरून निस्ना, तीन रात्री. निस्नाला एकच ठाणं ठेवून पूर्वेकडे त्सित्सिकामा आणि पश्चिमेकडे विल्डरनेस अशा फेऱ्या करायच्या. रोज सामान बांधायचं नाही. निस्नाहून साधारण सत्तर किलोमीटरवरच्या जॉर्ज विमानतळावर गाडी परत करायची. जॉर्जहून जोहान्सबर्गमार्गे क्रूगर-म्पुमलंगा विमानतळ. दोन्ही उड्डाणं एकाच तिकिटात घेतली, म्हणजे पहिलं विमान उशिरा आलं तर पुढची जबाबदारी विमान कंपनीची.

इथे एक मोह होता: जोहान्सबर्गला दुपारी बारा वाजता उतरून एन४ ने गाडीने थेट क्रूगर गाठायचं. अंतर सव्वाचारशे किलोमीटरांच्या आत, वेळ साडेचार ते पाच तास. सामान आणि गाडी हातात यायला एक वाजतो, त्यात पाच तास मिळवले की सहा. उद्यानाचं फाटक मेमध्ये साडेपाचला बंद होतं. म्हणून विमानाने पुढे जाऊन व्हाइट रिव्हर गावात एक रात्र, आणि सकाळी फाबेनी फाटकातून प्रवेश.

क्रूगरमध्ये चार रात्री, स्कुकुझाला दोन आणि साताराला दोन (दोन्ही उद्यानातले मुक्कामाचे कॅम्प). शेवटी ओर्पेन फाटकातून बाहेर पडून ब्लाइड नदीच्या दरीकडेने ग्रासकॉप, एक रात्र, आणि दुसऱ्या दिवशी जोहान्सबर्ग विमानतळ, सुमारे ३७० किलोमीटर. परतीचं विमान रात्रीचं घेतलं, म्हणजे या टप्प्यात कितीही वेळ गेला तरी हरकत नव्हती.

आरक्षणं, कागदपत्रं, गाडी

क्रूगरच्या कॅम्पची आरक्षणं साधारण अकरा महिने आधी उघडतात. या कुटुंबाने सात महिने आधी पाहिलं, तेव्हा त्यांना हवा असलेला लोअर साबी कॅम्प भरलेला होता. सुट्टीच्या मोसमात हे नेहमीचंच आहे. हा कॅम्प साबी नदीच्या काठावर आहे आणि स्कुकुझाहून तिथे जाणारा पंचेचाळीस किलोमीटरचा एच४-१ हा रस्ता बिबट्यांसाठी प्रसिद्ध आहे. पर्याय साधा होता: स्कुकुझाला राहायचं आणि त्याच रस्त्याने सकाळी जाऊन दुपारी परतायचं. पाच जणांसाठी दोन खोल्यांचं कुटुंब-कॉटेज घेतलं, ज्यात स्वयंपाकघर असतं.

उद्यानाचं संवर्धन शुल्क परदेशी पाहुण्यांना दर माणशी दर दिवशी लागतं आणि ते बरंच असतं. वाइल्ड कार्ड हा वार्षिक परवाना घ्यायचा की नाही, हे फक्त क्रूगरच्या दिवसांवर ठरवू नये. केप पॉइंट, पेंग्विनांचा बोल्डर्स किनारा आणि त्सित्सिकामा ही ठिकाणंही त्याच परवान्यात येतात. क्रूगरच्या चार रात्री आणि ही तीन ठिकाणं मिळून सात वेळचं शुल्क झालं. चौघांसाठी कुटुंब-कार्ड फायद्याचं ठरलं. कुटुंब म्हणजे दोन प्रौढ आणि मुलं, म्हणून आजींचा हिशेब वेगळा करावा लागला.

व्हिसासाठी मुलांचे, दोन्ही पालकांची नावं असलेले जन्मदाखले जोडले आणि त्यांच्या प्रती सोबतही ठेवल्या. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान तीस दिवस आणि त्यात दोन कोरी पानं, हे अर्ज करण्याआधी तपासलं. व्हिसा हातात येईपर्यंत सगळी हॉटेलं रद्द करता येतील अशीच घेतली.

आंतरराष्ट्रीय वाहन परवाना नवरा-बायको दोघांनीही काढला. भारतात त्याची फी हजार रुपये आणि मुदत एक वर्ष. तेव्हा हे थोडं जास्तीचं वाटलं होतं. पुढे याच गोष्टीने सहल वाचवली.

गाडी निवडताना माणसं मोजून भागत नाही, बॅगाही मोजाव्या लागतात. पाच जणांची म्हणून मिळणारी छोटी एसयूव्ही पाच माणसं आणि दोनच मोठ्या बॅगा घेते. उरलेलं सामान मांडीवर किंवा काचेतून दिसेल असं राहतं. दिसणारं सामान म्हणजे काच फोडण्याचं आमंत्रण. म्हणून सात जणांची उंच गाडी घेऊन मागची रांग दुमडली, तीन मोठ्या बॅगा आणि दोन मऊ पिशव्या एवढंच सामान ठेवलं. क्रूगरमध्ये गाडीची उंची वेगळ्याच कारणासाठी उपयोगी पडते: गवतावरून नजर पोचते. गिअर स्वयंचलित हवा असेल तर तो आधीच मागावा लागतो.

विम्यात "पूर्ण माफी" असं लिहिलेलं असलं तरी टायर, काच आणि गाडीचा खालचा भाग बहुधा त्याबाहेर असतो. टायर-काचेचं वेगळं संरक्षण घेतलं. कच्च्या रस्त्यांबाबतची अटही वाचली, आणि तिथेच एक बदल करावा लागला. १८८८ मध्ये खुला झालेला स्वार्टबर्ग घाट त्यांच्या यादीत होता. थॉमस बेनने बांधलेला हा रस्ता आजही कच्चा आहे. करारात कच्च्या रस्त्यावरचं नुकसान भाडेकरूच्या माथी होतं. मग त्याऐवजी औट्सहूर्नहून डे रुस्टमार्गे मेरिंगस्पोर्ट खिंडीतून जायचं ठरलं. तीच पर्वतरांग, दोन्ही बाजूंना वाकड्यातिकड्या थरांचे लाल कडे, आणि एन१२ पूर्ण डांबरी. स्वार्टबर्गची माथ्यावरची दृश्यं तिथे मिळत नाहीत हे खरं, पण आजी आणि मुलं सोबत असताना हा सौदा योग्य होता.

प्रत्यक्षात काय झालं

पहिला अडथळा गाडीच्या काउंटरवरच आला. आरक्षण नवऱ्याच्या नावावर होतं, पण पुरेशी मर्यादा असलेलं क्रेडिट कार्ड बायकोचं होतं. अनामत रक्कम मुख्य चालकाच्याच नावाच्या क्रेडिट कार्डावर धरली जाते. डेबिट कार्ड बहुधा चालत नाही, दुसऱ्याचं कार्ड तर नाहीच. तिचा परवाना तयार होता म्हणून तासाभरात मुख्य चालक बदलून गाडी मिळाली. तो नसता तर त्या दिवशी गाडी मिळाली नसती.

टेबल माउंटनची केबल गाडी पहिले दोन दिवस वारा आणि ढगांमुळे बंद होती. चौथ्या दिवशी सकाळी आकाश स्वच्छ होताच ते थेट तिकडे गेले. चार रात्री ठेवल्या होत्या त्याचा उपयोग इथे झाला. या डोंगरासाठी दिवस आधी ठरवू नये; उघडा दिसला की बाकीचं सोडून जावं. पावसानंतर दरडींमुळे चॅपमन्स पीकचा किनारी रस्ताही बंद निघाला. तो ११४ वळणांचा पथकर असलेला रस्ता असा अधूनमधून बंद होतोच. त्यांनी आउ काप्से वेख या आतल्या घाटाने केप पॉइंट गाठलं. वेळ जवळपास तेवढाच लागला.

मॉन्टेग्यू ते निस्ना हा भाग निर्विघ्न गेला. औट्सहूर्नजवळच्या कांगो गुहांमध्ये दोन प्रकारच्या फेऱ्या असतात. अरुंद फटींतून सरपटण्याची फेरी सोडून सगळ्यांनी तासाभराची साधी फेरी घेतली. त्सित्सिकामातल्या स्टॉर्म्स नदीच्या मुखावरच्या झुलत्या पुलाकडे जाणाऱ्या लाकडी वाटेवर पायऱ्या बऱ्याच आहेत. आजी अर्ध्या वाटेवरच्या बाकावर थांबल्या आणि तिथूनही समुद्र पुरेपूर दिसला. मलेरियाच्या गोळ्या इथूनच सुरू झाल्या, क्षेत्रात शिरण्याच्या दोन दिवस आधी. त्या बाहेर पडल्यानंतर आणखी सात दिवस घ्यायच्या असतात, म्हणून माणशी तेरा-चौदा दिवसांच्या गोळ्या घरूनच नेल्या होत्या.

क्रूगरमध्ये दोन प्रसंग लिहून ठेवण्यासारखे घडले.

पहिला वेगाचा. उद्यानात डांबरी रस्त्यावर कमाल वेग ताशी ५० किलोमीटर, कच्च्यावर ४०. पण प्राणी दिसायचे तर २० ते २५ ने जावं लागतं. पहिल्या सकाळी त्यांनी मर्यादेच्या जवळ गाडी ठेवली आणि इम्पाला हरणांपलीकडे फारसं काही दिसलं नाही. दुपारी वेग निम्म्यावर आणला, प्रत्येक खिडकीला एक बाजू नेमून दिली, आणि त्याच रस्त्यावर साबीच्या काठच्या अंजिराच्या झाडावर बिबट्या दिसला. तो आठ वर्षांच्या मुलाने पाहिला, कारण त्याला "फक्त फांद्या बघ, जमीन नको" असं सांगितलं होतं. पहिल्यांदा जाणाऱ्याने हे जरूर करावं: डोळ्यांना एक काम द्यावं.

दुसरा प्रसंग कॅम्पच्या फाटकाचा. स्कुकुझा ते सातारा ९३ किलोमीटर. पाहत जाण्याच्या वेगाने चार तास, त्शोक्वाने या विश्रांतीच्या जागी उतरून जेवण पाऊण तास, आणि प्राण्यांसाठी थांबणं धरलं की सहा तास होतात. खोली सोडायची वेळ सकाळी दहाची. दहाला थेट निघाले असते तर चारला आरामात पोचले असते. पण त्यांनी आधी लेक पॅनिकच्या पक्षीनिरीक्षण झोपडीत दीड तास काढला. चार वाजून पस्तीस मिनिटांनी सातारा बत्तीस किलोमीटरवर होतं. ताशी ५० ने चाळीस मिनिटं, म्हणजे सव्वापाच. हिशेब बरोबर होता, फक्त हत्ती त्यात नव्हते. पिल्लांसह एक कळप रस्त्यावर येऊन चरू लागला. पिल्लं असलेल्या कळपातून वाट काढायची नसते; गाडी मागे घेऊन, इंजिन चालू ठेवून, कळपाला वाट मोकळी ठेवून थांबायचं असतं. त्यांनी नेमकं तेच केलं. पंचवीस मिनिटं गेली आणि ते पाच वाजून एकोणचाळीस मिनिटांनी फाटकात पोचले, नऊ मिनिटं उशिरा. पहारेकऱ्याने गाडीचा क्रमांक आणि आरक्षण लिहून घेतलं, समज दिली. मागून घाईने वेग वाढवला नाही ही त्यातली चांगली गोष्ट: संध्याकाळच्या अंधुक उजेडात उद्यानात वेगाने जाणं उशिरा पोचण्यापेक्षा कितीतरी वाईट.

साताराहून उद्यानाच्याच उघड्या गाडीतून संध्याकाळची फेरी आधीच आरक्षित होती. सहा वर्षांखालच्या मुलांना तीत घेत नाहीत, त्यामुळे दोन्ही मुलं चालली. सकाळच्या पायी फेरीला मात्र किमान वय बारा. ती वडील आणि मुलगी दोघांनीच केली. उघड्या गाडीत मेच्या रात्री बोचरी थंडी असते, आणि चढायला पायऱ्या उंच. आजींनी कॅम्पच्या कुंपणालगत बाकावर बसून तरसांचे आवाज ऐकणं पसंत केलं.

शेवटचा तडाखा ओर्पेन ते ग्रासकॉप रस्त्यावर बसला. आर३६ वर सावलीतल्या खड्ड्यात डावं पुढचं चाक गेलं आणि टायरची बाजू फाटली. बाजू फाटलेला टायर दुरुस्त होत नाही. गाडी घेताना त्यांनी जादा चाक पूर्ण आकाराचं आहे, त्यात हवा आहे, जॅक आणि पाना जागेवर आहेत, हे तपासून फोटो काढले होते. अर्ध्या तासात चाक बदललं. ते चाक लहान, तात्पुरतं असतं तर ताशी ८० च्या मर्यादेने दुसऱ्या दिवशीचे ३७० किलोमीटर करावे लागले असते किंवा वाटेत टायरचं दुकान शोधावं लागलं असतं. टायरची भरपाई वेगळ्या घेतलेल्या संरक्षणातून झाली.

निष्पत्ती

गाडीचं एकूण अंतर दोन्ही टप्पे मिळून साधारण सव्वादोन हजार किलोमीटर भरलं, त्यातले सहाशेहून अधिक क्रूगरच्या आत. ठरलेल्या जागांपैकी चॅपमन्स पीक आणि स्वार्टबर्ग सोडून सगळं झालं. अंधारात गाडी चालवण्याची वेळ एकदाच आली, फाटकाच्या त्या संध्याकाळी. परतल्यावर कोणाला ताप आला नाही. आला असता तर डॉक्टरांना आधी "मलेरियाच्या भागात जाऊन आलो" हे सांगायचं, असं सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. इंधनाचा अंदाज १०० किलोमीटरला दहा लिटर धरून केला होता आणि तो जमला. तिथे पेट्रोलचे दर सरकार ठरवतं, ते महिन्याच्या पहिल्या बुधवारी बदलतात, आणि किनाऱ्यापेक्षा आतल्या भागात पेट्रोल महाग असतं. अंदाजपत्रकात आतल्या भागाचा दर धरावा.

वेगळं काय करता आलं असतं

कॅम्पची आरक्षणं अकरा महिने आधी, विमानाच्या तिकिटांच्याही आधी पाहायला हवी होती. लोअर साबीला दोन रात्री मिळाल्या असत्या तर एच४-१ ची जाऊन-येऊन फेरी वाचली असती आणि सूर्यास्ताला कॅम्पजवळच्या सनसेट डॅमवर पाणघोड्यांसमोर शेवटच्या मिनिटापर्यंत थांबता आलं असतं, कारण फाटक काही मिनिटांवर असतं.

कॅम्प बदलण्याच्या दिवशी सकाळी दुसरं काही ठेवायला नको होतं. लेक पॅनिक आदल्या दिवशी दुपारी करता आलं असतं. स्कुकुझापासून ते जवळच आहे. त्या दिवसासाठी हिशेब असा करावा: फाटक बंद होण्याच्या एक तास आधीची वेळ धरायची, आणि तिच्यातून पाहत जाण्याच्या वेगाने लागणारा वेळ व थांबे वजा करायचे. मेमध्ये ती वेळ साडेचार. साडेचारातून सहा तास गेले की सकाळचे साडेदहा, आणि लेक पॅनिकला तिथे जागाच नाही हे कागदावरच दिसतं.

गाडीचं आरक्षण करताना तीन नावं एकत्र लिहून पाहावीत: मुख्य चालक, क्रेडिट कार्डधारक, आंतरराष्ट्रीय परवानाधारक. तिन्ही एकच व्यक्ती असली पाहिजे. कार्डाची मर्यादा अनामतीसाठी पुरेशी आहे का आणि परदेशातले व्यवहार चालू आहेत का, हे बँकेकडून निघण्याआधी करून घ्यावं. या प्रवासात गाडी दोनदा घेतली, म्हणजे अनामत दोनदा अडकली. पहिली सुटायला वेळ लागतो, आणि दुसऱ्या काउंटरवर मर्यादा कमी पडता पडता वाचली.

निस्नाच्या तीनपैकी एक रात्र क्रूगरला द्यायला हवी होती का, यावर घरात अजून एकमत नाही. मुलं हो म्हणतात. आजी ठामपणे नाही म्हणतात: सलग काही दिवस गाडीत बसल्यावर निस्नाच्या खाडीकाठचा तो रिकामा दिवस मिळाला, म्हणूनच क्रूगरमध्ये पहाटे साडेपाचला उठणं झेपलं. सत्तरीजवळची व्यक्ती सोबत असेल तर आम्हीही तो दिवस काढणार नाही. मुलं मोठी आणि सगळे धडधाकट असतील तर साताराला तिसरी रात्र द्यावी, आणि तो जादा दिवस एस१०० या कच्च्या रस्त्यावर पहाटे फाटक उघडताच निघून घालवावा.